पेतूर गुडमुंडसन: 150 सामन्यांची कारकीर्द म्हणजे अपयश?

मुक्काम_कोथरूड: परवा येथेच कोणीतरी ठामपणे लिहिले की, आइसलंडचा बास्केटबॉलपटू पेतूर गुडमुंडसन निव्वळ आपल्या 218 सेंटिमीटर उंचीच्या जोरावर एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये शिरला आणि 150 सामन्यांत गारद झाला, तेव्हा त्याचे कौतुक वायफळ आहे. हे वाचून गप्प बसवेना. 1981 मध्ये एनबीएतल्या पोर्टलंड संघाने त्याला नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तिसऱ्या फेरीत, 61 व्या क्रमांकावर निवडले, तेव्हा युरोपातला खेळाडू घेणे ही त्या लीगमध्ये नित्याची गोष्ट नव्हती. पुढे 2003 मध्ये एनबीएतल्याच डॅलस संघाने आइसलंडच्या योन आर्नोर स्टेफानसनला करारबद्ध केले, पण त्याला नियमित हंगामातला एकही सामना मिळाला नाही. मग 150 हा आकडा हिणवण्याचा कसा ठरतो?

अवकाळी: ते विधान माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. त्या 150 पैकी 137 सामने दोनच हंगामांतले आहेत, पोर्टलंडकडून 68 आणि सॅन अँटोनिओकडून 69. मधल्या काळात तो लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाकडे होता; फेब्रुवारी 1987 मध्ये मायकल थॉम्पसनला आणण्यासाठी लेकर्सनी फ्रँक ब्रिकाउस्कीबरोबर पेतूरलाही सॅन अँटोनिओला देऊन टाकले आणि त्याच वर्षी विजेतेपद पटकावले. व्यवहार कोणाच्या पथ्यावर पडला, हे उघड आहे.

जुनी_जाळी: उंचीचा हा टोमणा आम्ही जन्मभर ऐकत आलो आहोत. शाळेच्या संघात मला कायम रिंगखाली हात वर करून उभे केले जाई. एकदा ड्रिबल करीत मधली रेष ओलांडली, तर सरांनी शिट्टी फुंकून मला बाकावर बसवले. उंच मुलाला काही शिकवायचे नाही आणि मग त्याला काही येत नाही म्हणून नाके मुरडायची, हा कुठला न्याय? शिवाय अवकाळी यांनी सोयीस्करपणे एक गोष्ट गाळली आहे. एनबीएत खेळलेल्याला 1989 पर्यंत फीबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, स्पर्धांत देशाकडून उतरता येत नसे. त्याच्या ऐन उमेदीची वर्षे या नियमाने खाल्ली.

अवकाळी: आपल्या सरांचा राग माझ्यावर काढू नये. नियम सर्वांना ठाऊक होता. ब्राझीलच्या ऑस्कर श्मिटला 1984 मध्ये एनबीएतल्या न्यू जर्सी नेट्सनी निवडले, पण देशाकडून खेळण्याचा हक्क जाईल म्हणून त्याने नकार दिला. 1987 च्या पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात अमेरिकेला तिच्याच अंगणात हरवताना त्याने 46 गुण केले. देशप्रेम म्हणतात ते याला.

मुक्काम_कोथरूड: देशप्रेमाची प्रमाणपत्रे वाटण्याचे खाते आपल्याकडे कधी आले? तोच ऑस्कर तेव्हा इटलीत कासेर्ता क्लबकडून पगार घेत होता आणि तरीही फीबाला चालत होता. पोर्टलंडने दिलेला पगार मात्र विटाळ ठरत होता. शिवाय ऑस्करच्या मागे ब्राझीलचा भक्कम संघ होता. आइसलंडची लोकसंख्या त्या काळी सव्वादोन लाखांच्या आसपास होती आणि त्या देशाला युरोबास्केट या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेची मुख्य फेरी पहिल्यांदा गाठायला 2015 साल उजाडले. पेतूरने घरी थांबून नेमका कोणता अंतिम सामना जिंकायचा होता?

अवकाळी: कासेर्ताचा मुद्दा बिनतोड आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. नियम ढोंगी होता. पण नियम ढोंगी होता म्हणून साधारण सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, थोर होत नाही. ‘आइसलंडचा सर्वोत्तम’ असे खुशाल म्हणा, सव्वादोन लाखांत स्पर्धा तरी किती असणार!

जुनी_जाळी: लेकर्सकडे पेतूरच्या पुढे त्याच जागेवर दिग्गज करीम अब्दुल-जब्बार उभा होता. करीमच्या मागे बसून आपला कोणता लाडका सेंटर जास्त मिनिटे खेळला असता, तेवढे नावानिशी सांगा. मग साधारण कोण ते ठरवू.