‘ग्रिमडार्क’ला मराठीत काय म्हणावं? आणि त्यातलं हसू कुठल्या जातीचं?

प्रश्न

वॉरहॅमर ४०,००० हा खेळ मी बरीच वर्षं खेळतोय. प्लॅस्टिकचे छोटे सैनिक जोडायचे, रंगवायचे आणि टेबलावर फाशांच्या भरवशावर लढवायचे. या खेळामागे एक अवाढव्य कल्पित जग आहे. ज्यांना इंग्रजी पुस्तकं वाचायचा कंटाळा येतो अशा मित्रांसाठी ते जग मराठीत लिहून काढायला घेतलंय, आणि दोन शब्दांपाशी अडून बसलोय.

पहिला ‘ग्रिमडार्क’. खेळाच्या घोषवाक्याचा आशय असा, की दूरच्या भविष्यातल्या भीषण अंधारात फक्त युद्धच आहे. त्या वाक्यातले ‘ग्रिम’ आणि ‘डार्क’ चाहत्यांनी एकमेकांना चिकटवले आणि त्यातून हा शब्द तयार झाला. आता तो या खेळाशी संबंध नसलेल्या कादंबऱ्यांनाही लावतात. मी आधी ‘भयाण’ लिहिलं होतं. पण भयाण म्हटलं की मला ओसाड माळ दिसतो, पडका वाडा दिसतो. हे जग ओसाड नाही. ते माणसांनी खच्चून भरलेलं आहे आणि त्या गर्दीत एका जिवाला कवडीची किंमत नाही.

दुसरा ‘सॅटायर’. एका स्पर्धेत एक खेळाडू नाझी चिन्हं घालून आला, त्यावरून वाद झाला. त्यानंतर नोव्हेंबर २०२१मध्ये गेम्स वर्कशॉप या कंपनीने निवेदन काढलं. खेळातलं मानवी साम्राज्य हे सॅटायर आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. इतकंच नाही, तर शब्दाची व्याख्या दिली होती (विनोद, उपरोध किंवा अतिशयोक्ती वापरून माणसांचे दुर्गुण किंवा व्यवस्थेतले दोष तिरस्कारासाठी, हसं करण्यासाठी उघडे पाडणं) आणि सॅटायर खो-खो हसवणारं असायलाच हवं असं नाही, हेही सांगितलं होतं. आता हे मराठीत कसं आणू? ‘विनोदी’ म्हटलं तर वाचणारा फसेल. ‘विडंबन’ म्हटलं तर तो विचारेल, कशाचं?

उत्तर

‘काळा विनोद’ म्हणा की. रूढ आहे, कळतोही पटकन.

उत्तर

‘काळा विनोद’ इथे बसत नाही असं मला वाटतं. काळा विनोद मरणाच्या दारात उभा असलेला माणूस स्वतः करतो, किंवा त्याच्या वतीने लेखक करतो. कुणीतरी परिस्थितीकडे बघून हसतं. या साम्राज्यात असं कुणी हसत नाही. सगळे विलक्षण गंभीर आहेत. यंत्र चालू करण्याआधी त्याला तेलाचं अभ्यंग घालून मंत्र म्हणणारे यंत्रपुरोहित गंभीर आहेत. पळणाऱ्या आपल्याच सैनिकाला गोळी घालणारा कॉमिसार, म्हणजे फौजेवर धाक ठेवणारा अधिकारी, गंभीर आहे. सिंहासनावरच्या सम्राटाला टिकवण्यासाठी रोज हजारभर माणसांचा बळी देणारेही गंभीर आहेत. हसायचं की नाही, ते फक्त वाचणाऱ्याने ठरवायचं.

उत्तर

मी हा खेळ खेळत नाही, पण शब्दांचा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

मराठीत हसण्याला शब्द पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची दिशा वेगळी आहे. थट्टा, मस्करी हे बरोबरीच्या माणसांतले. टवाळी, टिंगल, खिल्ली यांत समोरच्याला खाली ओढणे आले. ‘विडंबन’ला मूळ काहीतरी लागते. केशवकुमारांच्या कवितांपासून मराठी वाचकाच्या मनात विडंबन म्हणजे एखाद्या रचनेचे घाट, शब्द, लकब उचलून केलेली उलट नक्कल असेच बसले आहे. म्हणून ‘कशाचे?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. हिंदीतला ‘व्यंग्य’ इथे आणू नये. मराठीत ‘व्यंग’ म्हटले की आधी शरीरातला दोष आठवतो. ‘व्यंगचित्र’ या एका शब्दात तो दुसऱ्या अर्थाने तगला आहे, तेवढे पुरे.

राहिले उपरोध आणि उपहास. उपरोध हा वाक्यात असतो. ‘वा, काय वेळेवर आलात!’ हा उपरोध. संस्कृतात या शब्दाचा अर्थ अडथळा असा होता. मराठीने त्याला बोलण्यातली तिरकी धार दिली. उपहास वाक्यापुरता नसतो, तो एखाद्या माणसाला, प्रथेला किंवा राज्यव्यवस्थेला उद्देशून असतो आणि त्यात तिरस्कार मिसळलेला असतो. तुम्ही सांगितलेली कंपनीची व्याख्या पाहता, ‘सॅटायर’साठी ‘उपहास’ हाच शब्द मी सुचवीन.

पण वरच्या उत्तरात जे म्हटले आहे, की त्या जगात कुणीच हसत नाही, त्यावरून मला एक जुना अलंकार आठवला. व्याजस्तुती. स्तुतीच्या मिषाने निंदा, किंवा निंदेच्या मिषाने स्तुती. मला एक सांगा, या खेळाच्या पुस्तकांत साम्राज्याबद्दल कोण बोलते? तटस्थ निवेदक, की साम्राज्य स्वतःच?

प्रश्नकर्ता

बहुतेक ठिकाणी साम्राज्य स्वतःच. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं! हुतात्म्यांची वचनं, फर्मानं, सैनिकांसाठीची मार्गदर्शक पुस्तिका, सगळं त्यांच्याच तोंडून. त्या पुस्तिकेत शत्रू कसा दुबळा आहे हे मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलंय. आम्ही खेळणारे ते वाचतो तेव्हा त्याच शत्रूच्या ताकदीचे खरे आकडे आमच्या नियमपुस्तकात असतात. ती पुस्तिका खिशात घालून लढायला गेलेल्या पोराचं काय होणार, ते आम्हाला माहीत असतं.

उत्तर

मग ही व्याजस्तुतीच. तोंडाने स्तुती, आकड्यांत निंदा.

उत्तर

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय यातली गंमत आणि गांभीर्य दोन्ही तुटक दिसतात. हा खेळ १९८७मध्ये इंग्लंडमध्ये आला, लेखक रिक प्रिस्टली. पहिल्या पुस्तकात शाब्दिक कोट्यांची खैरात आहे. एका धर्मन्यायाधीशाचं नाव ओबीवान शेरलॉक क्लूझो. तीन वेगवेगळ्या चित्रपट-कथांतली नावं एका दमात! पुढे नावांतल्या कोट्या शांत झाल्या, पण गेल्या नाहीत. ‘डार्क एंजल्स’ या तुकडीचा मूळपुरुष लायन एल्जॉन्सन. हे नाव जोडून वाचलं की लायनेल जॉन्सन होतं, आणि त्या नावाच्या इंग्रज कवीची ‘डार्क एंजल’ नावाची कविता आहे. ‘आयर्न हँड्स’चा मूळपुरुष फेरस मॅनस, लॅटिनमध्ये अर्थ तोच, लोखंडी हात. त्या काळच्या ब्रिटिश कॉमिक्सचा, विशेषतः जज ड्रेडचा, प्रभाव उघड आहे. तिथेही हुकूमशाही पोलिसाला नायकाच्या चौकटीत उभं करून तीच व्यवस्था सोलून काढलेली असते.

ही पार्श्वभूमी आपल्याला उपरोधिकच अभिप्रेत होती, असं प्रिस्टली यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं आहे. स्पेस मरीन, म्हणजे साम्राज्याचे अतिमानवी योद्धे, हे क्रूर आणि स्वतःला फसवणारे, तरी कंपनीत त्यांना वीर म्हणून मिरवलं जायचं याची त्यांना मौज वाटायची.

पुढे सूर बदलला. २००६पासून २०२४पर्यंत चाललेली ‘होरस हेरसी’ कादंबरीमाला बापलेकांची, म्हणजे सम्राट आणि त्याच्या मुलांची, शोकांतिका म्हणूनच लिहिलेली आहे. ती वाचून या जगात आलेल्याला १९८७चं पुस्तक दाखवलं तर तो बावरतो. आणि जुना खेळाडू म्हणतो, अरे, हे मुळात हसण्यासाठीच होतं. दोघांच्या भांडणात मला दोघंही अर्धेच बरोबर वाटतात.

उत्तर

ऑर्क लोकांचं, म्हणजे खेळातल्या त्या लढाऊ परग्रहवासीयांचं काय? ते तर उघड विनोदी आहेत. लाल रंगवलेली गाडी जास्त जोरात पळते असं ते मानतात, आणि सगळे मिळून मानतात म्हणून ती खरंच पळते. जुन्या नियमांत लाल रंगासाठी एक इंच जादा चाल मिळायची! त्यांच्या तोंडी एखादी रांगडी ग्रामीण बोली घालता येईल.

प्रश्नकर्ता

कृपा करून ते नको. मुळात त्यांची भाषा इंग्लंडच्या फुटबॉल मैदानांवर हुल्लड करणाऱ्यांच्या बोलण्यावर बेतलेली आहे. तिथे भाषेमागे दंगा ऐकू येतो. इथे कुणाच्या घरातली बोली आणली तर हसू त्या घराचं होईल. मी त्यांना तोडकी वाक्यं देतोय, क्रियापदं कमी आणि आरोळ्या जास्त. ‘वाऽऽऽ’ ही त्यांची युद्धाची आरोळी तशीच ठेवली आहे.

एक गोष्ट मात्र मला खरंच टोचतेय. उपहास, व्याजस्तुती हे सगळं पटलं. पण मी या जगातल्या काही प्रसंगांनी हेलावून गेलोय. साध्या सैनिकांची एक पलटण, मागे सरायचं नाही असं ठरवून उभी राहते, आणि शेवटी कुणीच उरत नाही. कुणाला कळतही नाही. मी त्यांचे चेहरे तासन्‌तास बसून रंगवलेत. जर सगळा उपहासच असेल तर माझं ते रडू चुकीच्या जागी गेलं का?

उत्तर (खेळ न खेळणारा)

मुळीच नाही. उपहास व्यवस्थेचा आहे, त्या सैनिकाचा नाही. खरे तर तुमचे डोळे भरून आले म्हणूनच उपहास पोहोचला. जे राज्य अशा माणसाचे नावही लिहून ठेवत नाही आणि वर स्वतःला त्याचा तारणहार म्हणवते, त्याचा राग यायला आधी तो माणूस खरा वाटावा लागतो.

जुन्या शास्त्रात पाहिले तर साहित्यदर्पण या संस्कृत काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात भयानक आणि करुण हे हास्याचे विरोधी रस सांगितले आहेत. एकत्र आले की रसभंग. त्या हिशेबाने तुमचा खेळ चालायलाच नको. पण अभिनवगुप्त या काश्मिरी काव्यमीमांसकाने आणखी एक बारीक गोष्ट सांगून ठेवली आहे. कुठल्याही रसाचा आभास झाला, म्हणजे भाव अनुचित ठिकाणी किंवा अनुचित रीतीने प्रवर्तला, की त्याचे हास्य होते. करुणाचासुद्धा आभास हास्यात जातो. हसू येते ते अनौचित्यामुळे.

हे तुमच्या साम्राज्याला लावून पाहा. त्यांची भक्ती हा भक्तीचा आभास आहे, त्यांचे शौर्य पुष्कळदा वीराचा आभास आहे. तिथे हसू येते. त्या पलटणीचा करुण हा आभास नाही, खरा आहे. तिथे येत नाही. दोन्ही एका पानावर राहू शकतात.

उत्तर

हे वाचून बसल्या जागी टाळी वाजवली! चाहत्यांत ‘ग्रिमडर्प’ म्हणून एक शब्द आहे. लेखकाने भीषणपणा इतका वाढवला की तो पोरकट झाला, कवट्यांवर कवट्या रचल्या, कारण नसताना ग्रह जाळला, की त्याला ग्रिमडर्प म्हणतात. आजवर त्याचं मराठी मला सुचत नव्हतं. ‘भयानकाभास’! भयानकाचा आव आहे, भय नाही, म्हणून हसू येतं.

उत्तर

मूळ पहिला प्रश्न राहून गेला. ‘ग्रिमडार्क’ला ‘घोरतम’ कसा वाटतो? घोर अधिक तम, म्हणजे घोर अंधार. शिवाय ‘तम’ हा पराकाष्ठा दाखवणारा प्रत्ययही आहे: घोर, घोरतर, घोरतम. या जगात सगळंच टोकाला नेलेलं असतं, ते त्या प्रत्ययात आपोआप येतं. आणि जिथे फेरस मॅनससारखी नावं आहेत तिथे शब्दातच एक श्लेष असणं मला शोभून दिसतं. लोक नुसताच ‘अतिशय घोर’ असा अर्थ घेतील ही अडचण आहे, पण तो अर्थही चूक नाही.

उत्तर (खेळ न खेळणारा)

समासाच्या नियमाने पाहिले तर ‘घोरतमस्’ वगैरे काथ्याकूट करता येईल. करू नये. ‘घोरतम’ चांगला आहे.

प्रश्नकर्ता

‘घोरतम’ घेतला. ‘सॅटायर’ला उपहास. सगळ्यांचे मनापासून आभार.

काल या चर्चेच्या उजेडात पहिलं पान पुन्हा लिहिलं. आधी माझं वाक्य होतं, ‘सम्राट दहा हजार वर्षं सोन्याच्या सिंहासनावर निश्चल बसून आहे.’ ते मी तटस्थपणे सांगत होतो. आता ते साम्राज्याच्या तोंडी दिलं, तर आपोआप आदरार्थी झालं: ‘सम्राट दहा हजार वर्षे सुवर्णसिंहासनावर विराजमान आहेत.’ पुढच्याच ओळीत, त्याच आदराने, रोजच्या बळींचा आकडा दिला. एकही विशेषण वापरलं नाही.

खेळाची काहीच माहिती नसलेल्या एका मैत्रिणीला पान वाचायला दिलं. ‘विराजमान’पर्यंत ती सरळ वाचत गेली. मग आकड्याशी आली, थांबली, मागे जाऊन तो शब्द पुन्हा वाचला आणि हळूच विचारलं, “पण ते जिवंत आहेत ना?”