जुन्या फोर-बाय-फोरचा ईसीएम गेलाय म्हणतात. वापरलेला घेऊ का?

डोंगरवाट:
नमस्कार. माझी १९९६ची पेट्रोल फोर-बाय-फोर आहे, सहा सिलिंडर, मॅन्युअल गिअर. १८ वर्षं मीच चालवतोय. क्लच, हेड गॅस्केट, ट्रान्स्फर केस सगळं स्वतः उघडून बसवलंय, पण इंजिनाच्या कॉम्प्युटरला (ईसीएमला) कधी हात लावला नाही. आता नेमका तोच गेला असं मेकॅनिक म्हणतो.

आधी गाडी गरम झाली की झटके मारून बंद पडायची आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू व्हायची. गेल्या आठवड्यापासून सुरूच होत नाही. स्टार्टर फिरतो, पण स्पार्क नाही, इंजेक्टरची टिकटिक नाही. चावी ऑन केली की चेक इंजिनचा दिवा लागायचा, तोही लागत नाही. स्कॅनर जोडला तर काहीच बोलत नाही.

एक वापरलेला ईसीएम मिळतोय. पार्ट नंबरची फक्त शेवटची दोन अक्षरं वेगळी आहेत. घेऊन टाकू का? गाडी अशी उभी बघवत नाही.

चिखलचाक:
घेऊ नका. त्या दोन अक्षरांत बराच फरक असू शकतो. ऑटोमॅटिकचा ईसीएम मॅन्युअलला लावला तर आयडलिंगपासून कटकट सुरू होते.

शिवाय दिवा लागत नाही याचा अर्थ ईसीएम जागा होत नाही एवढाच. त्याला करंट पोचतोय का? मेन रिले आणि फ्यूज आधी बघा.

वायरमनकाका:
चिखलचाक बरोबर बोलले. मी आयुष्यभर गाड्यांची वायरिंगच केली. चांगले ईसीएम मेले समजून बदललेले पाहिलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

करंटइतकाच अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी असलेली जोडणी, महत्त्वाचा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी ईसीएमच्या अर्थच्या तारेला लावा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. आकडा ०.१ व्होल्टच्या वर गेला तर आधी अर्थ साफ करा.

मग सेन्सरांना जाणारा ५ व्होल्टचा सप्लाय मोजा. तो शून्य असेल तर थ्रॉटल, मॅप (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) असे सेन्सर एकेक करून प्लगमधून काढा. एखादा काढताच ५ व्होल्ट परत आले, तर दोष त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे. एक शॉर्ट झालेला सेन्सर सगळा ईसीएम झोपवू शकतो.

तरीही शून्यच राहिले तर बॅटरीची निगेटिव्ह काढून ईसीएमचा डबा उघडा. त्या काळातल्या बोर्डांवरचे गोल कपॅसिटर वयानुसार गळतात. मासळीसारखा वास येतो, आणि गळलेलं द्रव तांब्याच्या रेषा खातं. गरम झाल्यावर बंद पडणं, गार झाल्यावर सुरू होणं, हे मला तिथलंच वाटतंय.

आणि दुसरा ईसीएम बसवण्याआधी प्रत्येक इंजेक्टरचा ओहम मोजाच. एखादा आतून शॉर्ट असेल तर त्याला चालवणारा ट्रान्झिस्टर जळतो. नवा बोर्डही त्याच वाटेने जाईल.

डोंगरवाट:
काका, तुम्ही सांगितलं त्याच क्रमाने गेलो. करंट १२.४ व्होल्ट, अर्थ ०.०४ व्होल्ट. पाच व्होल्टच्या जागी शून्य, सगळे सेन्सर काढले तरी शून्य. डबा उघडला आणि वास आलाच. दोन कपॅसिटरांच्या बुडाशी ओल, खाली हिरवट थर, एक रेष अर्धी खाल्लेली.

इंजेक्टर पाच १४ ओहमच्या आसपास, चौथा मात्र ३. हे मी कधीच मोजलं नसतं. चौथा काढून ठेवलाय. आता बोर्ड दुरुस्त होईल का?

वायरमनकाका:
रेष एकच तुटली असेल तर होईल. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हिरवा थर पूर्ण धुवा. कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि १०५ डिग्री तापमान सोसणारेच घ्या. प्लस-मायनस काढण्याआधी फोटोत टिपून ठेवा. रेषेवर बारीक तार डाख देऊन जोडा. चौथ्या इंजेक्टरचा ट्रान्झिस्टरही तपासून घ्या, तो गेलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

डाखाचा हात नसेल तर बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, सराव या बोर्डावर नको. आणि तो फेकू तर मुळीच नका. चावीत चिप असेल तर तिची नोंद बऱ्याच गाड्यांत याच बोर्डावरच्या आठ पायांच्या मेमरीत असते. उद्या दुसरा ईसीएम घ्यावा लागलाच, तर ती नोंद इथूनच उचलावी लागेल.

डोंगरवाट:
चावीत चिप आहे. बोर्ड जपून ठेवतो. कपॅसिटर आणि इंजेक्टर मागवले, बसवले की इथेच लिहीन.