सकाळचा नाश्ता आणि अभ्यास: तुमचे अनुभव सांगा

मेस लावली की दोन वेळच्या जेवणाची सोय होते. नाश्त्याचं मात्र ज्याचं त्यानं बघायचं. पुण्यात एमएस्सीला असताना आमच्याकडे रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद. म्हणजे पुढचं जेवण थेट सोमवारी दुपारी, आणि सोमवारी सकाळीच प्रॅक्टिकल! टायट्रेशन करताना ब्युरेटच्या, म्हणजे फ्लास्कमध्ये थेंब थेंब द्रावण सोडणाऱ्या काचेच्या नळीच्या, कॉकवर माझी बोटं थरथरायची. फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं असतं, माझा फ्लास्क गडद होऊन जायचा. तीन रीडिंग तीन तऱ्हेची. एकदा बाईंनी विचारलं, "काही खाल्लंस का गं?" मला रडूच आलं. त्यांनी व्हरांड्यात नेऊन आपल्या डब्यातली पोळीभाजी खायला लावली. तेव्हापासून शेंगदाणे-गुळाचा डबा मी कधी रिकामा होऊ दिला नाही.

तुमचं काय व्हायचं? मोकळेपणानं लिहा.

लातूरकर: माझा नाश्ता एस.टी.नं यायचा. आई पहाटे उठून धपाटे, दशम्या करायची. स्टँडवर डब्यांच्या ढिगातून लाल ऑइलपेंटनं नाव घातलेला आपला डबा शोधायचा. सोमवारी आलेला डबा रूममधले सगळे मिळून बुधवारपर्यंत पुरवायचो, मग नुसता चहा. वह्या अजून जपून ठेवल्यात. सोमवारचं अक्षर ओळीला धरून आहे, शुक्रवारची वाक्यं अर्ध्यावर सुटलेली.

दापोलीचा माजी विद्यार्थी: कृषी विद्यापीठात सकाळी शेतावर प्रात्यक्षिक असायचं. रूमवर पेज करायचो, सोबत लोणचं. तेवढ्यावर दुपारपर्यंत निभायचं.

नागपूरहून: सरसकट सगळ्यांना एकच माप लावू नका. तर्री-पोहे खाऊन पहिल्या तासाला माझे डोळे मिटायचे. मी अकराला खायचो आणि अभ्यास उत्तम व्हायचा.

प्राध्यापक, नाशिक: नागपूरकरांचं म्हणणं मला पटतं. नाश्ता करणारी मुलं वर्गात ताजी दिसतात, पण बहुधा ती वेळेवर झोपलेलीही असतात, त्यामुळे सगळं श्रेय पोह्यांना देता येत नाही. तरी शरीर विश्रांती घेत असतानाही एकूण ऊर्जेपैकी साधारण 20 टक्के एकटा मेंदू वापरतो. रात्रीचं जेवणही चुकलेलं मूल सकाळी आठला समोर बसतं तेव्हा त्याला काय शिकवायचं? तमिळनाडूत 2022 पासून सरकारी प्राथमिक शाळांत नाश्ता मिळू लागला. आपल्या कॉलेजच्या पोरांसाठीही हे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सेकंड इयर, पुणे: पोह्यांची प्लेट 25 रुपये धरली तरी महिन्याचे 750 होतात. मेसचे पैसे भरल्यावर हे घरी मागवत नाही. ताई, शेंगदाणे-गूळ किती घ्यायचे?

धागाकर्ती: मूठभर भाजलेले दाणे आणि सुपारीएवढा गूळ. डबा रात्रीच भरून उशाशी ठेव. आणि पहिलं प्रॅक्टिकल झालं की इथे येऊन सांग.