ग्रीसच्या कर्जाचं खापर एकट्या आंद्रेआस पापांद्रेऊंवर का?

रानवारा
२०१० साली ग्रीस कर्जात बुडाला, तेव्हापासून एकच ऐकतोय: हे सगळं आंद्रेआस पापांद्रेऊंनी करून ठेवलं. मला हे मान्य नाही. बर्कलीत अर्थशास्त्र शिकवलेला हा माणूस १९६७ च्या लष्करी उठावानंतर तुरुंगात गेला, परदेशातून लढला, १९७४ मध्ये पासोक हा समाजवादी पक्ष काढला आणि सात वर्षांत ४८ टक्के मतं मिळवून पंतप्रधान झाला. १९४६ ते ४९ च्या ग्रीक यादवी युद्धात हरलेल्या डाव्यांना कित्येक वर्षं पोलिसी दाखल्याशिवाय सरकारी नोकरी मिळत नसे. त्यांच्या नाझीविरोधी लढ्याला १९८२ मध्ये मान्यता दिली ती यांनी. पुढच्याच वर्षी हुंडा कायद्यातून काढला, सरकारी आरोग्यसेवा उभारली. हे सगळं उधळपट्टीत मोजायचं?

ताळेबंद
आरोग्यसेवेवर माझा आक्षेप नाहीच. पण १९८१ मध्ये सरकारी कर्ज जीडीपीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढं होतं, दशक संपेपर्यंत ते दुपटीच्या पुढे गेलं. पक्षाची माणसं सरकारी खात्यांत भरली गेली. आणि १९८५ चं काय? निवडणूक जिंकल्यावर त्यांनीच आपल्या पक्षातल्या कोस्तास सिमितिस यांना अर्थखातं दिलं, द्राख्मा या तेव्हाच्या ग्रीक चलनाचं १५ टक्के अवमूल्यन केलं, पगारवाढीला लगाम घातला. तूट उतरू लागली होती. १९८७ अखेर पापांद्रेऊंनी पाठिंबा काढून घेतला, सिमितिस राजीनामा देऊन गेले. रोग आणि औषध दोन्ही कळणाऱ्या अर्थतज्ज्ञाने हे करावं, याचा मला राग आहे.

उंबरठा
रानवारा, १९८२ चा न्यायही अर्धाच होता. यादवीतल्या निर्वासितांना परतायची मुभा मिळाली, पण फक्त 'ग्रीक वंशाच्या'. उत्तर ग्रीसमधले स्लाव्ह भाषा बोलणारे मॅसेडोनियन बाहेरच राहिले. त्यांच्या म्हाताऱ्यांना आपलं गाव दिसलं नाही. डाव्या सरकारचा हा निर्णय मला कर्जापेक्षा जास्त खुपतो.

रानवारा
उंबरठा, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य, त्याला बचाव नाही. ताळेबंद, तुम्हाला मात्र उत्तर देतो. १९९० ते ९३ उजवं सरकार होतं, तेव्हाही कर्ज वाढलंच. पुढे सिमितिस स्वतः आठ वर्षं पंतप्रधान होते, २००१ मध्ये देश त्यांनीच युरोत नेला. २००९ ची १५ टक्क्यांवरची तूट तर मुख्यतः उजव्या सरकारच्या काळातली. तेव्हा आंद्रेआस जाऊन तेरा वर्षं झाली होती.

ताळेबंद
नंतरच्यांना मी सोडत नाहीच. पण सत्तेत आलं की आपली माणसं नोकरीत लावायची, ही जुनी रीत मोडण्याएवढं बहुमत १९८१ मध्ये फक्त पापांद्रेऊंकडे होतं. त्यांनी ती आणखी वाढवली. उजव्यांनी पुढे तेच केलं, म्हणून पापांद्रेऊंची जबाबदारी कमी कशी होते?