पीव्हीसी पाईपची हवेची टाकी: चालते का नाही?

तापीकाठ: ११० मिमीचा, ६ किलोचा (म्हणजे दर चौरस सेंमीला ६ किलो दाब झेलणारा) पाईप जळगावात कुठेही मिळतो. आठ फुटी तुकडा, दोन एंड कॅप, सोल्यूशन, निप्पल. झाली कॉम्प्रेसरची वीस लिटरची टाकी. एअर फिल्टर झाडायला, ट्यूब भरायला पुरते. हाच पाईप शेतात ५ किलोचं पाणी रोज झेलतो, मग हवेनंच काय घोडं मारलंय?

यावलचा फिटर: ६ किलो हा आकडा पाण्याचा रे भो, आणि तोही २७ अंशाला. पाणी जवळपास दबत नाही. तडा गेला की चार थेंब सुटतात आणि दाब संपतो. हवा दबून बसते आणि फुटताना सगळी ताकद एकदम सोडते. वीस लिटर टाकीत ६ किलोवर साधारण १५ हजार जूल, म्हणजे ५० किलोचं पोतं ३० मीटरवरून टाकल्यासारखं. लोखंडी टाकी बहुतेकदा फाटते. पीव्हीसीच्या काचेसारख्या कपच्या उडतात. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्यानं दाबलेल्या हवेसाठी हा पाईप वापरू नका असं १९८८ सालीच बजावलंय.

तापीकाठ: प्रेशर स्विच (दाब भरला की कॉम्प्रेसर बंद करणारा) ५ वर लावतो, टाकी सावलीत.

यावलचा फिटर: सावली मे महिन्यातल्या भुसावळची! शिवाय कॉम्प्रेसरमधून हवाच तापून येते. ६० अंशाला पाईपची ताकद चौथा-पाचवा हिस्सा उरते. स्विच चिकटला तर?

मोटारवाइंडर_धुळे: मग जुना गॅस सिलिंडर? पत्रा दणकट असतो.

यावलचा फिटर: सिलिंडर कंपनीच्या मालकीचा, कापणं बेकायदा. आत वायू उरलेला असतो, निप्पल वेल्ड करताना तोच भडकतो. आणि तळाला ड्रेन नाही, हवेतलं पाणी साचून पत्रा आतून गंजतो.

तापीकाठ: गाई-म्हशींचे कृत्रिम रेतनवाले उणे १९६ अंशाचा पातळ नायट्रोजन मोटारसायकलवर नेतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही!

गोठा_चोपडा: कारण तो डबा दाबाचा नाहीच. बूच मुद्दाम सैल असतं, वाफ निघत राहावी म्हणून. एक लिटरचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. तोच घट्ट झाकणाच्या थर्मासमध्ये ओतला तर थर्मास फुटणारच. बंद जीपमध्ये तर वास न येता प्राणवायू हटतो. काच उघडी हवी, डबा उभा बांधलेला.

मोटारवाइंडर_धुळे: बरं, मग स्वस्तात काय?

यावलचा फिटर: भंगारातली ट्रकच्या एअरब्रेकची टाकी. कामाचा दाब ८ किलो, तर पाणी तोंडापर्यंत भरा, वरची हवा पूर्ण काढा आणि हातपंपानं १२ किलोवर न्या. अर्धा तास काटा हलता कामा नये. सेफ्टी व्हॉल्व्ह ८ वर उघडणारा, कॉम्प्रेसर जितकी हवा भरतो त्याहून जास्त सोडणारा; टाकी आणि त्याच्यामध्ये कॉक नको. तळाचा ड्रेन रोज उघडा.

तापीकाठ: टाकीवरची दाब लिहिलेली प्लेट पुसली असेल तर?

यावलचा फिटर: घेऊ नका. आणि वेल्डनं ठिगळ मारलेली तर हातही लावू नका.