स्टुडिओ विकला गेला, मग पुढचा भाग कोणी करायचा?

हर्णैकर

दापोली-चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतची कितीतरी मुलं आज मुंबईच्या स्टुडिओंत परदेशी ॲनिमेशनपटांचे शॉट करतात, म्हणून हा विषय इथे मांडतोय. एक कंपनी दुसरीला विकत घेते. तिला हवी असतात ती गाजलेली पात्रं, त्यामुळे पुढच्या भागाची घोषणा लगेच होते. तो करायचा कोणी? माझं मत ठाम आहे. ज्यांनी पहिला केला त्यांनीच. सगळा संच ठेवणं जमत नसेल तर निदान स्टोरी प्रमुख, प्रॉडक्शन डिझायनर, ॲनिमेशन सुपरवायझर आणि रिगिंग लीड (पात्राला हलवणारा डिजिटल सांगाडा, म्हणजे रिग, बांधणाऱ्यांचा प्रमुख) यांना खरेदीच्या करारातच बांधून घ्यावं.

'टॉय स्टोरी'वाल्या पिक्सारचं बघा. डिस्नेशी त्यांचं फाटलं होतं तेव्हा डिस्नेने 'सर्कल सेव्हन' नावाचं युनिट काढलं, पिक्सारच्या पात्रांचे पुढचे भाग पिक्सारशिवाय करायला. 'टॉय स्टोरी 3'ची पटकथाही तिथे लिहिली गेली. 2006 मध्ये डिस्नेने 7.4 अब्ज डॉलरला पिक्सार घेतली, ते युनिट बंद केलं आणि पटकथा बाजूला ठेवली. पिक्सारने गोष्ट पहिल्यापासून रचली आणि सिनेमा 2010 ला आला. पिक्सारचा एड कॅटमल पिक्सार आणि डिस्ने ॲनिमेशन या दोन्ही स्टुडिओंचा प्रमुख झाला, तरी एकाची माणसं दुसऱ्याच्या प्रॉडक्शनवर उसनी द्यायची नाहीत असा नियम होता, डेडलाईन कितीही अंगावर आली तरी. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. माणसं उसनी मिळतात हे कळलं की अडचण वेळेवर कोणी सांगत नाही, आणि देणाऱ्याचाही सिनेमा लांबतो.

उलट 'आइस एज'वाला ब्लू स्काय. मार्च 2019 मध्ये फॉक्सबरोबर तो स्टुडिओ डिस्नेकडे आला, एप्रिल 2021 मध्ये बंद झाला, साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. 2022 चा 'आइस एज'चा बक वाइल्डवाला भाग व्हँकुव्हरच्या बार्डेल स्टुडिओने केला. मॅनी, सिड, डिएगो या मुख्य पात्रांचे आवाजही बदलले. आधीच्या भागांशेजारी लावून बघा, वजन, फर, नजर, सगळ्यात फरक दिसतो.

देवबागची

ह्या सगळा बरोबर आसा, पण पोरांका काम गावता त्येचा काय?

हर्णैकर, बक वाइल्डचा दिग्दर्शक जॉन डॉन्किन हा ब्लू स्कायचाच जुना निर्माता होता. म्हणजे तुम्ही म्हणता तसा वरचा माणूस होता, तरी फरक दिसलाच. कारण तो सिनेमा थेट स्ट्रीमिंगसाठी केला होता. दोष संच बदलल्याचा नाही, वेळेचा आणि पैशाचा आहे. 'टॉय स्टोरी 3'चाही दिग्दर्शक पहिल्या भागाचा नव्हता. ली अंक्रिच पहिल्याचा संकलक होता.

आता 'कुंग फू पांडा'वाली ड्रीमवर्क्स कंपनी घ्या. 2016 मध्ये कॉमकास्टने 3.8 अब्ज डॉलरला घेतली. त्यानंतर 2022 ला 'पुस इन बूट्स'चा दुसरा भाग आला. दिग्दर्शक नवा, रूप नवं, रंग ब्रशने मारल्यासारखे, मारामारीत मुद्दाम फ्रेम धरून ठेवलेल्या. जुन्या लीडलाच धरून बसले असते तर हे झालं असतं का? 'कुंग फू पांडा 3'ला साडेचौदा कोटी डॉलर लागले होते, चौथा भाग साडेआठ कोटीत झाला आणि धंदाही चांगला केला. खर्च आवरला म्हणून पुढचा भाग निघतो, आणि त्यातलं काम मुंबई-बंगळूरला येतं. मूळ संचालाच काम द्या म्हणणं म्हणजे आपल्या मुलांना दाराबाहेर ठेवणं.

खारेपाटण

तुम्ही दोघं माणसांवर बोलताय. मला विचारायचंय की नव्या स्टुडिओच्या हातात हार्ड डिस्कवर नक्की काय येतं.

मेश (पात्राचा आकार), टेक्श्चर (पृष्ठभागाचं रूप), कॅमेरा आणि अलेंबिक कॅश (हालचाल साठवलेल्या फाइली) बरेचसे उघडतात. यूएसडी या सामायिक फाइल-प्रकारामुळे सीनची रचनाही नव्या स्टुडिओकडे जाते. रिग जात नाही, कारण ते त्या स्टुडिओच्या सॉफ्टवेअरवर उभं असतं. पिक्सारचं प्रेस्टो, ड्रीमवर्क्सचं प्रीमो, दोन्ही घरची. ब्लू स्कायचा तर रेंडररही (अंतिम चित्र काढणारं सॉफ्टवेअर) स्वतःचा होता. शेडर (प्रकाशात पृष्ठभाग कसा दिसावा ते ठरवणारे प्रोग्रॅम) नव्याने लिहावे लागतात, फर नव्याने विंचरावी लागते. जुने ॲनिमेशन कर्व्ह (हालचालीच्या नोंदी) जुन्या रिगच्या कंट्रोलच्या नावांना बांधलेले असतात, ते नव्या रिगवर निरुपयोगी.

चुकतं कुठे ते एका हसण्यावरून सांगतो. जुन्या रिगमध्ये ओठाचा कोपरा वर खेचला की गाल चढतो आणि खालची पापणीही किंचित उचलली जाते. ही जोडणी कुठल्याही मॉडेल शीटवर (पात्राच्या रूपाच्या तक्त्यावर) नसते, ती रिगिंग लीडच्या डोक्यात असते. नव्या रिगमध्ये ती राहून गेली की ओठ हसतात, डोळे हसत नाहीत. दिग्दर्शक म्हणतो 'पात्र हरवलंय', आणि नेमकं काय हरवलंय ते त्यालाही सांगता येत नाही. मग प्रत्येक ॲनिमेटर शॉटगणिक पापणी हाताने उचलत बसतो.

याचा हिशोब करा. 90 मिनिटं म्हणजे 5,400 सेकंद. शॉट सरासरी 4 सेकंदांचा धरला तर 1,350 शॉट. फीचरच्या दर्जाला एक ॲनिमेटर आठवड्याला साधारण एक शॉट करतो, म्हणजे 1,350 ॲनिमेटर-आठवडे. शॉटमागे अर्धा दिवस पापणीत गेला की 675 दिवस, पाच दिवसांच्या आठवड्याने सगळ्या ॲनिमेशनच्या 10 टक्के. बिड (कामाची बोली) फिक्स रकमेचं असेल तर हे 10 टक्के कोणाच्या रविवारांतून निघतात ते मुंबईत काम करणाऱ्या कोणालाही विचारा.

उपाय आहे. बिडवर सही करण्याआधी जुन्या सिनेमातले 15-20 शॉट निवडायचे: हसणं, रडणं, धावणं, दोन पात्रांची मिठी, पाण्यात भिजलेली फर. ते नव्या रिगवर जसेच्या तसे करायचे आणि जुन्या फ्रेमवर अर्धपारदर्शक ठेवून बघायचे. जिथे सरकतं तिथे रिग दुरुस्त करायचं, शॉट नाही. याला दोन-तीन महिने लागतात, आणि वेळापत्रकातून सर्वांत आधी तेच कापले जातात.

माडबन

एक भर. रिव्ह्यूची वेळही करारात लिहा. उन्हाळ्यात डिस्नेचं अमेरिकेतलं बरबँक आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. त्यांची सकाळची आठची डेलीज (रोजचे शॉट बघायची बैठक) म्हणजे आपली रात्रीची साडेआठ. लेखी शेरे दुसऱ्या दिवशी आले की एका शंकेला दोन दिवस जातात. शॉटवर होय-नाही म्हणायचा अधिकार असलेला सुपरवायझर इथे मुंबईत बसवला, तर निम्मे रिटेक वाचतील असं माझं मत आहे.

हर्णैकर

खारेपाटण, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे: ती पापणी ज्याच्या डोक्यात आहे त्या माणसाला सोडू नका. देवबागची ताई, अंक्रिच बाहेरून आला नव्हता. दशावतारी कंपनीत राजपार्टी (राजाची भूमिका करणारा नट) बदलला तरी खेळ उभा राहतो, कारण मागचा संच तोच असतो. पांडाचं म्हणाल तर चौथ्या भागात आधीच्या भागांतले पाच योद्धे शेवटी थोडेसेच दिसतात. मोठी पात्रं कमी म्हणजे रिग, कापड, फर, सगळंच कमी. ती बचत बऱ्याच अंशी पटकथेतच झाली असणार. आणि स्वस्त काम येतं तसं जातंही. फेब्रुवारी 2025 मध्ये टेक्निकलर हा इफेक्ट्स-ॲनिमेशनचा समूह कोसळला तेव्हा आपल्याकडची हजारो मुलं एकदम घरी बसली.

देवबागची

मुलं घरी बसली ती एकाच समूहावर सगळा भार होता म्हणून. काम बाहेर दिलं म्हणून नाही. ब्लू स्कायचाच 'निमोना' बघा. रद्द झालेला सिनेमा, पुढे डीनेगने पात्रं नव्याने उभी करून 2023 ला पुरा केला. ब्लू स्कायमधले दोन्ही दिग्दर्शक बरोबर होते, आणि डीनेग म्हणजे 2014 पासून आपल्या मुंबईच्या प्राइम फोकसशी जोडलेला स्टुडिओ. डोकी तिथली, हात अनेक ठिकाणचे, तरी जमलं.

खारेपाटणांची चाचणी मला पूर्ण मान्य आहे, फक्त तिचे पैसे वेगळे मिळायला हवेत, बिडमध्ये फुकट घुसवलेले नकोत. आणि तुमच्या जुन्या रिगिंग लीडला बांधून घेताच आहात, तर त्याच्या करारात सहा महिने इथल्या मुलांना शिकवायचं कलमही घाला. म्हणजे तिसऱ्या भागाला ती पापणी कणकवलीच्या पोराच्याही डोक्यात असेल.

हर्णैकर

ते कलम मला चालेल. पण सहा महिने रिग बांधून होण्याच्या आधीचे हवेत. नंतर बसून फक्त दुरुस्त्या शिकता येतात.