अक्षौहिणी : औ की ओ, आणि त्यातले अठरा

शंकेखोर :
अक्षौहिणी की अक्षोहिणी? आणि महाभारतातलं हे सैन्याचं माप नेमकं किती? घरात पाहुणे जास्त झाले की आजी म्हणायची, "अक्षौहिणी उतरलीय गं, आधण वाढव." आम्ही अर्थ घ्यायचो, पुष्कळ. आता घरच्या ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड आलाय : अक्षौहिणीतले रथ, हत्ती, घोडे, पायदळ, कशाच्याही आकड्यातले अंक मिळवा, 18च येतात. पर्वं अठरा, युद्धाचे दिवस अठरा, हा योगायोग नव्हे!

निवृत्त मास्तर :
औ बरोबर. अक्ष म्हणजे रथाचा आस, त्यावरून रथ. ऊहिनी म्हणजे समूह. जल + ऊर्मी = जलोर्मी, तसं खरं तर इथेही ओ व्हायला हवा. त्यामुळे 'अक्षोहिणी' लिहिणाऱ्याला हसू नका, तो नियमानेच चाललाय. पण पाणिनीच्या व्याकरणाला पुरवणी जोडणाऱ्या कात्यायनाने या शब्दापुरतं वेगळं वार्तिक, म्हणजे पुरवणी-नियम, करून ठेवलंय, 'अक्षादूहिन्यामुपसंख्यानम्'. म्हणून औ.

आकडेमोडी :
मोजणी आदिपर्वातच आहे. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ मिळून पत्ती. मग तिप्पट, तिप्पट : सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. सातदा तिप्पट, म्हणजे अनीकिनीत 2,187 पत्ती. आठव्या पायरीला एकदम दहापट, ती अक्षौहिणी. रथ 21,870, हत्ती तेवढेच, घोडे 65,610, पायदळ 1,09,350. एकूण 2,18,700. मूळ अवयव पाडले तर दोनाचा वर्ग, तिनाचा सातवा घात, पाचाचा वर्ग, विभाजक 72.
(जाता जाता : चमूत 729 पत्ती, म्हणजे 7,290 नग. पेपरात 'डॉक्टरांचा चमू दाखल' वाचलं की मला हत्ती कुठे बांधले असतील याचीच काळजी लागते.)

शंकेखोर :
हत्तींचं राहू द्या, अठराचं काय?

आकडेमोडी :
त्यात गूढ काही नाही. संख्येला 9ने भाग जातो तेव्हा अंकांची बेरीजही 9च्या पटीत येते. इथे तर तीन सात वेळा गुणलाय. पाच-सहा आकडी संख्येत बेरीज 18 यायची शक्यता दांडगी. पांडवांच्या 7 अक्षौहिणी म्हणजे 15,30,900 : बेरीज 18. कौरवांच्या 11, म्हणजे 24,05,700 : पुन्हा 18. आता दोन्ही सैन्यं एकत्र करा. अठरा अक्षौहिणी, 39,36,600. अंक मिळवा : 27. नेमका अठरानेच घात केला!

निवृत्त मास्तर :
घातावर कोटी आवडली.

शंकेखोर :
39,36,600 ग्रुपवर टाकले. दहा मिनिटं शांतता. मग काकांचं उत्तर : "27 म्हणजे नक्षत्रं. बघ, म्हटलं नव्हतं?"